तलफ आणि सोबत

धूम्रपान सोडणे ही सर्वस्वी निश्चयाची बाब आहे, असा समज मराठी समाजात, आणि बहुधा सर्वच समाजांत, फार खोलवर रुजलेला आहे. ज्याला विडी-सिगारेट सुटत नाही तो मनाचा कच्चा आणि ज्याने ती एका दिवसात टाकली तो मनाचा खंबीर, अशी सरळ वाटणी करून लोक मोकळे होतात. या समजाचे परिणाम मात्र साधे नसतात. सोडू पाहणारा माणूस आपला प्रयत्न घरच्यांपासून आणि मित्रांपासून लपवून ठेवतो, कारण बेत फसला तर चारचौघांत शोभा होईल ही धास्ती त्याला असते. आणि त्याच्या भोवतीची माणसे एकतर हा त्याचा त्याने सोडवायचा प्रश्न आहे असे मानून बाजूला राहतात, किंवा उठता-बसता उपदेश करून आपण मदत करीत आहोत या समाधानात राहतात. गेल्या चार-पाच दशकांत जगभर झालेल्या अभ्यासांतून पुढे आलेले चित्र निराळे आहे. धूम्रपान जसे सोबतीने लागते तसे ते पुष्कळदा सोबतीनेच सुटते. परंतु वाटेल ती सोबत त्यासाठी पुरत नाही, आणि चुकीच्या रीतीने दिलेला आधार कित्येकदा उलटतो.

लोकांना धोका ठाऊक नसतो म्हणून ते धूम्रपान करतात, हे म्हणणे आता टिकणारे नाही. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत, म्हणजे पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या तंबाखूच्या सवयींच्या घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत, ९२.४ टक्के प्रौढांनी धूम्रपानाने गंभीर आजार होतात असे सांगितले. त्याच पाहणीनुसार देशातील १०.७ टक्के प्रौढ, म्हणजे जवळजवळ दहा कोटी माणसे, धूम्रपान करीत होती आणि त्यांपैकी ५५.४ टक्के जण ते सोडण्याच्या बेतात किंवा विचारात होते. महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के इतके कमी दिसते, परंतु त्यावर समाधान मानता येत नाही, कारण या राज्यात तंबाखू ओढण्यापेक्षा मळून खाण्याची आणि मिश्री लावण्याची चाल मोठी असून धूररहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के आहे. धोका माहीत असलेली, सोडण्याची इच्छा असलेली आणि तरीही सोडू न शकलेली कोट्यवधी माणसे देशात आहेत, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली म्हणजे आणखी एक पत्रक छापून किंवा आणखी एक भाषण देऊन हा प्रश्न का सुटत नाही, ते उमगते.

सोडणे अवघड का जाते, याचे पहिले उत्तर शरीरात आहे. झुरका घेतल्यावर धुरातील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात आणि तेथून दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचते, तेथील विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे पेशींवरील रासायनिक संदेश पकडणाऱ्या रचनांना, जाऊन चिकटते आणि डोपामिन या सुखाची जाणीव करून देणाऱ्या द्रव्याचा स्राव घडवून आणते. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, आणि सवय झालेला मेंदू पुढच्या मात्रेची मागणी करू लागतो. ही मागणी पुरवली गेली नाही की चिडचिड, अस्वस्थता, झोपेत बिघाड, एकाग्रता न होणे, भूक वाढणे असा त्रास सुरू होतो, ज्याला व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सरसकट ‘विथड्रॉवल’ म्हटले जाते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. एकेका तलफेचा जोर तर काही मिनिटांचाच असतो. तरीसुद्धा कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात आणि बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा ओढू लागतात, असे उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित विचार करून २००४ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. त्रासाचा काळ थोडा, पण त्याच काळात सर्वाधिक पडझड, असा हा प्रकार असल्यामुळे त्या थोड्या दिवसांत माणसाच्या जवळ कोण आहे आणि तो कसा वागतो, याला फार महत्त्व येते.

दुसरे उत्तर शरीराबाहेर आहे. दुपारी चारच्या सुमारास कोणत्याही शहरातील कचेऱ्यांच्या गल्लीतील टपरीवर जे चालते ते पाहिले तर धूम्रपान हा एकट्याचा व्यवहार नाही, हे ध्यानात येते. चहाचा कटिंग हातात येतो, टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर एकाकडून दुसऱ्याकडे जातो, एकच सुटी सिगारेट दोघांत फिरते, आणि त्या दहा मिनिटांत साहेबाच्या तक्रारी, बदलीच्या बातम्या, घरभाड्याच्या विवंचना बोलून घेतल्या जातात. त्या वेळेला, त्या चहाच्या वासाला आणि त्या मित्रांच्या चेहऱ्यांना मेंदूने निकोटीनशी जोडून टाकलेले असते. मानसशास्त्रात अशा जोडलेल्या खुणांना ‘संकेत’ म्हणतात. सिगारेट सोडणाऱ्याला म्हणूनच निकोटीनबरोबर ती दहा मिनिटेही सोडावी लागतात, आणि पुष्कळांना हा दुसरा तोटा पहिल्यापेक्षा जड जातो. त्यातच ‘सोडली का? अरे, एकाने काय होतंय!’ असे म्हणत पाकीट पुढे करणारा मित्र शत्रुत्वाने तसे करीत नसतो. त्याच्या परीने तो मैत्रीच निभावत असतो. धूम्रपानाची ही सामाजिक बाजू ओळखली नाही, तर सोडणाऱ्याच्या वाट्याला येणारे एकटेपण कोणाच्याच लक्षात येत नाही.

सामाजिक आधार ही संज्ञा समाजशास्त्रात आणि आरोग्यमानसशास्त्रात ठराविक अर्थाने वापरली जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ साली तिची चार अंगे मांडली: जिव्हाळा आणि विश्वास देणारा भावनिक आधार, प्रत्यक्ष हातभार लावणारा कृतीचा आधार, उपयुक्त माहिती पुरवणारा आधार, आणि माणसाला आपण कुठवर आलो आहोत याचा अंदाज देणारा, त्याच्या प्रयत्नाची किंमत ओळखणारा आधार. यानंतर चार वर्षांनी शेल्डन कोहेन आणि टॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञांनी अशी मांडणी केली की, आपल्या पाठीशी कोणी आहे ही जाणीवच ताणाचा जोर कमी करते. धूम्रपानाला ही मांडणी नेमकी लागू पडते, कारण ताण आला की पेटवायची ही ओढणाऱ्याची सर्वांत जुनी सवय असते, आणि सोडल्यानंतर पुन्हा सुरू होण्याच्या प्रसंगांत भांडण, दुःख, कामाचा दाब यांचा वाटा मोठा असतो.

सोबतीचा परिणाम किती दूरवर जातो, याचा सर्वांत गाजलेला पुरावा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावातून आला. हृदयविकाराची कारणे शोधण्यासाठी या गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांची नियमित तपासणी केली जात आहे. तपासणीला येणारी व्यक्ती पुढे गाव सोडून गेली तर तिचा ठावठिकाणा लागावा, एवढ्याच कचेरीच्या सोयीसाठी प्रत्येकाकडून जवळच्या नातेवाइकांची आणि एखाद्या मित्राची नावे लिहून घेतली जात. ही हाताने भरलेली कागदपत्रे वर्षानुवर्षे पडून होती. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी ती बाहेर काढली, कोण कोणाचा नवरा, बहीण, मित्र, सहकारी याचे एक विशाल जाळे त्यांतून उभे केले, आणि १९७१ ते २००३ या काळात त्या जाळ्यातील १२,०६७ माणसांपैकी कोणी केव्हा सिगारेट सोडली, ते त्यावर मांडून पाहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पती किंवा पत्नीने सिगारेट सोडल्यावर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. मित्राने सोडल्यावर ती ३६ टक्क्यांनी, लहान कचेरीतील सहकाऱ्याने सोडल्यावर ३४ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडल्यावर २५ टक्क्यांनी घटली. शेजाऱ्याच्या सोडण्याचा मात्र काही परिणाम आढळला नाही. भिंतीला भिंत असून भागत नाही, नाते असावे लागते, असा याचा अर्थ.

या अभ्यासातील त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट निराळी आहे. तीस वर्षांत ओढणाऱ्यांची एकूण संख्या घटत गेली, पण उरलेल्या ओढणाऱ्यांच्या टोळक्यांचा आकार जवळपास तेवढाच राहिला; म्हणजे एकेक माणूस सुटा होऊन सिगारेट सोडत नव्हता, तर एकमेकांशी जोडलेले गटच्या गट जवळपास एकाच सुमारास ती सोडत होते. शिवाय, सुरुवातीला जाळ्याच्या मध्यभागी असलेला ओढणारा माणूस हळूहळू कडेला सरकत गेला. या निष्कर्षांवर आक्षेपही घेतले गेले आहेत: सारख्या स्वभावाची माणसेच मैत्री करतात, त्यामुळे मित्रांनी एकाच वेळी सोडले याचे श्रेय प्रभावाला द्यायचे की साम्याला, हे अशा निरीक्षणातून पूर्णपणे वेगळे करता येत नाही, असे काही संख्याशास्त्रज्ञांनी म्हटले आहे. हा आक्षेप रास्त आहे. मात्र निरीक्षणाच्या बाहेर पडून प्रत्यक्ष प्रयोग केलेल्या अभ्यासांतही याच दिशेच्या खुणा दिसतात, म्हणून तो लक्षात ठेवूनही मूळ निष्कर्ष टाकून देण्याचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये उतारवयातील लोकांचा जो दीर्घकालीन अभ्यास चालू आहे, त्यातील ३,७२२ जोडप्यांची माहिती २०१५ मध्ये तपासली गेली. धूम्रपान करणाऱ्या ज्या स्त्रियांच्या जोडीदाराने त्याच काळात धूम्रपान सोडले, त्यांच्यापैकी ५० टक्के स्त्रिया सोडू शकल्या. ज्यांचा जोडीदार ओढतच राहिला त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. येथवर आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. पण ज्यांचा जोडीदार आधीपासूनच धूम्रपान न करणारा होता, अशा स्त्रियांतही ते १७ टक्केच भरले. घरात आदर्श माणूस असण्यापेक्षा आपल्याबरोबर तोच त्रास सोसणारा माणूस असणे सुमारे तिपटीने उपयोगी ठरले, ही बाब धूम्रपान न करणाऱ्या प्रत्येक हितचिंतकाने नीट विचारात घ्यावी अशी आहे. ज्याने कधी ओढली नाही, त्याच्या तोंडून आलेला ‘सोडून दे की’ हा सल्ला ऐकणाऱ्याला पोकळ वाटतो, कारण त्यामागे सोसलेले काही नसते.

मग न ओढणाऱ्या घरच्यांनी काय करावे? त्यांच्याच वागण्याचा अभ्यास करण्यासाठी शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टनस्टाइन यांनी एक प्रश्नावली वापरली, जिच्यात जोडीदाराचे वागणे अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन प्रकारांत मोजले जाते. न ओढल्याबद्दल कौतुक करणे, तलफ आली की मन दुसरीकडे वळवायला मदत करणे, ताणाच्या वेळी शांत करणे, हे अनुकूल. ही घाणेरडी सवय आहे असे बोलून दाखवणे, मनोबळ नसल्याचा टोमणा मारणे, या प्रयत्नात यश येईल का अशी शंका घेणे, हे प्रतिकूल. १९९० साली त्यांनी दाखवून दिले की, प्रतिकूल वागण्याच्या मानाने अनुकूल वागणे जितके अधिक, तितकी सोडलेली सिगारेट सुटलेली राहण्याची शक्यता अधिक. केवळ प्रेम किती आहे यावर ते अवलंबून नाही. प्रेमापोटी केलेली टोचणीही टोचणीच ठरते.

मराठी घरांत ही टोचणी ओळखीच्या रूपांत दिसते. संध्याकाळी दारातच ‘तोंडाचा वास दे बघू’ असे म्हणणे, शर्टाचा खिसा तपासणे, ‘आज किती ओढल्या?’ हा रोजचा सवाल, आणि या सर्वांवर कडी म्हणजे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावलेली शपथ. शपथ घालणाऱ्या पत्नीचा किंवा आईचा हेतू शुद्ध असतो, त्यांची काळजीही खरी असते. परंतु शपथ मोडण्याचा दिवस उजाडला, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो पहिल्या आठ दिवसांतच उजाडतो, की त्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: मुलाची शपथ मोडली हे कबूल करणे किंवा लपवणे. तो लपवतो. लपवू लागलेल्या माणसाला घरातून मिळू शकणारी सगळी मदत त्याच क्षणी बंद होते, कारण ज्याने ओढलीच नाही त्याला कोण आणि कशासाठी सावरणार? शपथेच्या या प्रथेने सोडवलेल्या व्यसनांपेक्षा झाकलेली व्यसने अधिक असावीत, असे मानायला जागा आहे.

आधाराची ही बाब शिकवून साधते का, याचे उत्तर निराशाजनक वाटेल असे आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. जोडीदाराला किंवा मित्राला पुस्तिका देऊन, सत्रे घेऊन, मदत कशी करावी हे शिकवणाऱ्या चौदा चाचण्यांचा आढावा ‘कोक्रेन’ या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तीन हजारांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या या चाचण्यांत अशा शिकवणीमुळे धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. शिकवणीमुळे जोडीदाराचे वागणे मुळात बदलल्याचा पुरावाही त्यांतून फारसा मिळाला नाही. वीस-वीस वर्षांच्या संसारात पक्की झालेली बोलण्याची रीत एखाद्या पुस्तिकेने बदलत नाही, हे कोणीही मान्य करील. आधार उपयोगी पडतो, पण वरून चिकटवलेला आधार पडत नाही, असा या आढाव्याचा अर्थ लावता येतो. आणि म्हणूनच बरोबरीने सोडणारी माणसे एकत्र आणण्याचे प्रयोग अधिक महत्त्वाचे ठरतात.

असा एक प्रयोग ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झाला. साध्या दवाखान्यात धूम्रपान सोडण्यासाठी आलेल्या अनोळखी लोकांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि त्यांनी एकमेकांची विचारपूस करीत राहावी, असे ठरले. चार आठवड्यांनंतर जोडी मिळालेल्यांपैकी २७ टक्के, तर जोडी न मिळालेल्यांपैकी १२ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. पुढे गटउपचारात हीच जोडीची रीत वापरून पाहिली तेव्हा मात्र ठळक फरक आढळला नाही, बहुधा गटात सोबत आधीच मिळत असल्यामुळे. थायलंडच्या नाखोन नायोक प्रांतातील खेड्यांत झालेला प्रयोग याहून धीट होता. तेथील सुमारे दोनशे ओढणाऱ्यांपैकी काहींना नुसते समुपदेशन मिळाले आणि काहींना समुपदेशनाबरोबरच दोघा-दोघांच्या जोड्या करून स्वतःचे थोडे पैसे ठेव म्हणून ठेवायला सांगितले. सोडले तर ठेव परत मिळायची; आणि जोडीतील दोघांनीही सोडले, तरच प्रत्येकाला १,२०० बात, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४० डॉलर, बक्षीस मिळायचे. सहा महिन्यांनी लघवीची तपासणी करून, म्हणजे निकोटीन शरीरात विघटित झाल्यावर उरणारे कोटिनिन नावाचे द्रव्य शोधून, खातरजमा केली तेव्हा जोड्यांतील ४४.३ टक्के लोक सुटलेले आढळले, तर दुसऱ्या गटात ते प्रमाण १८.८ टक्के होते. यात पैशाचा वाटा किती आणि सोबत्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. तरीही आपण घसरलो तर शेजारच्या घरातील माणसाचेही नुकसान होईल ही जाणीव खेड्यात किती बळाची असते, हे ज्यांनी भिशी किंवा बचतगट चालवला आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

गटउपचाराविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. एकाच वेळी सोडू पाहणारे आठ-दहा लोक आठवड्यातून एकदा प्रशिक्षित समुपदेशकासमोर बसतात, गेल्या आठवड्यात तलफ कुठे आली, तिला कसे परतवले, कुठे हार झाली, हे एकमेकांना सांगतात. नुसती पुस्तिका वाचून सोडणाऱ्यांच्या तुलनेत अशा गटातील लोकांची यशाची शक्यता साधारण दीड ते सव्वादोनपट असल्याचे ६६ चाचण्यांच्या आढाव्यातून दिसते. या रीतीचे बळ महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने दारू आणि मादक पदार्थांच्या बाबतीत समूहोपचार आणि पत्नींचे ‘सहचरी’ गट यांवर भर दिला, आणि व्यसनातून बाहेर आलेला माणूस हाच नव्याने आलेल्याला सर्वांत जवळचा वाटतो, हे महाराष्ट्राने तेथे पाहिले. धूम्रपानाला मात्र समाज व्यसन म्हणून तितक्या गांभीर्याने घेत नाही, कारण सिगारेट ओढणारा झिंगून पडत नाही आणि घरातील भांडी विकत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी असे गट फार थोड्या ठिकाणी उभे राहिले.

कामाच्या जागी काय घडू शकते, याचे उदाहरण ग्रामीण महाराष्ट्रातील एका रासायनिक कारखान्यात मिळते. तेथील १०४ कर्मचाऱ्यांची तोंडाची तपासणी, व्याख्याने, गटचर्चा आणि गरजेनुसार औषधे असा कार्यक्रम वर्षभर राबवण्यात आला. कारखान्याच्या दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना त्यासाठी प्रशिक्षण दिले गेले आणि कुटुंबीयांसाठीही जागृतीचे कार्यक्रम झाले. दर बैठकीगणिक तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढत जाऊन वर्षाअखेरीस ते ४० टक्क्यांवर पोचले, आणि लोकांनी स्वतः दिलेली माहिती लघवीच्या तपासणीशी ९६ टक्के जुळली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी आवर्जून नोंदवले आहे की, कारखान्याच्या साऱ्या आवारात एकमेकांना सोडण्यासाठी मदत करण्याचे वातावरण तयार झाले होते. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे या आकड्याला प्रयोगाचे वजन देता येत नाही. पण जी सोबत एरवी टपरीवर नेते तीच सोबत उलट दिशेनेही काम करू शकते, हे त्यातून दिसते. याच अभ्यासात आढळले की कंत्राटी कामगारांपैकी ५६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते. आधाराची व्यवस्था कायम नोकरीच्या हद्दीपाशी थांबू नये, यासाठी एवढा आकडा पुरे.

केरळमधील दोन प्रयत्न याच संदर्भात पाहण्यासारखे आहेत. तिरुवनंतपुरम जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ९२८ ओढणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात, वैद्यकीय समाजसेवकांनी गटाने आणि एकेकट्याने वारंवार समुपदेशन केलेल्या लोकांपैकी १४.७ टक्के वर्षभरानंतर सुटले होते, तर तसे समुपदेशन न मिळालेल्यांपैकी ६.८ टक्के. दुसरा प्रयत्न ‘धूरमुक्त घर’ मोहिमेचा होता. पाहणी केली तेव्हा ओढणाऱ्या पुरुषांपैकी ७० ते ८० टक्के घरातच ओढत होते. ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी नवऱ्याला तसे न करण्याविषयी सांगून पाहिले होते, आणि तरीही आपल्या बोलण्याने काही होणार नाही, असे बहुतेकींना वाटत होते. तेव्हा एकेका बायकोने एकेका नवऱ्याशी भांडावे असे न करता, वस्तीच्या बैठका झाल्या, दुसऱ्याच्या धुराने घरातील माणसांना होणारा अपाय सांगितला गेला आणि वस्तीतील पुढाऱ्यांनी आपली वस्ती धूरमुक्त घरांची असल्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सहा महिन्यांनी निरनिराळ्या वस्त्यांतील ३४ ते ५९ टक्के ओढणाऱ्यांनी घरात ओढणे बंद केले होते. घरात ओढणे थांबले म्हणजे व्यसन सुटले असे नाही. पण एकटीचे जे म्हणणे नवऱ्याने कानाआड केले, तेच गावाचे म्हणणे झाल्यावर त्याला ऐकावे लागले. भारतात ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो, हे २०१६-१७ च्या पाहणीतून दिसते. त्या दृष्टीने केरळची ही वाट अनुकरण करण्याजोगी आहे.

सामाजिक दबावाला एक काळी बाजूही आहे. फ्रेमिंगहॅममध्ये ओढणारी माणसे कडेला सरकत गेली, याचा अर्थ ज्यांना सर्वाधिक मदत हवी होती तीच माणसे मदत करू शकणाऱ्यांपासून दुरावत गेली. भारतात हे स्त्रियांच्या बाबतीत अधिक तीव्रतेने घडते. पाहणीनुसार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १९ टक्के आणि स्त्रियांचे २ टक्के आहे; ओढणाऱ्या स्त्रीला तिची सवय इतकी झाकून ठेवावी लागते की, ती सोडण्यासाठी मदत मागायची तर आधी आपण ओढतो हे उघड करावे लागते. बदनामीच्या भीतीने ती गप्प राहते, आणि तिच्यापर्यंत ना कोणाची सोबत पोचते ना डॉक्टरांचा सल्ला. धूम्रपानाला नकार आणि ओढणाऱ्याला नकार या दोन गोष्टी समाजाने वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर आधाराची भाषा पोकळ ठरते.

जवळच्या माणसांनी करण्याजोग्या गोष्टी यातून बऱ्याच स्पष्ट होतात. सोडण्याची तारीख सोडणाऱ्याने स्वतः ठरवावी आणि ती निदान एका विश्वासाच्या माणसाला सांगावी. त्या माणसाने पहिले आठ-दहा दिवस दररोज ठरलेल्या वेळी फोन करावा किंवा भेटावे, आणि ‘ओढलीस का?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणती वेळ कठीण गेली?’ असे विचारावे. जेवणानंतरची तलफ बहुतेकांना छळते, तेव्हा ताट उचलताच बरोबर फेरफटक्याला निघणे हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा कामाचे असते. घरातील राखदाण्या, लायटर, जुनी पाकिटे काढून टाकावीत. चिडचिड वाढली तर ती निकोटीन सुटल्याची आहे, स्वभाव बिघडल्याची नाही, हे ओळखून दोन-तीन आठवडे तिला फारसे मनावर घेऊ नये. मित्रांनी चहाची वेळ कायम ठेवून जागा तेवढी बदलावी, म्हणजे सोडणाऱ्याला सिगारेट सोडताना मैत्री सोडावी लागणार नाही; आणि टोळक्यातील आणखी एकाने त्याच आठवड्यात सोडायचे ठरवले, तर याहून मोठी मदत दुसरी नाही. एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर तिला घसरणे म्हणावे, हरणे म्हणू नये. सोडणाऱ्यांना बहुधा एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात, आणि घसरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्याची हिंमत, घडले ते घरी सांगता येते की नाही, यावर अवलंबून असते. आधार औषधाची जागा घेत नाही, हेही विसरू नये. निकोटीनचे च्युइंग गम, पट्ट्या किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्रास कमी करतात, आणि औषध व समुपदेशन दोन्ही मिळाले तर यशाची शक्यता सर्वाधिक असते.

ज्याच्या घरी किंवा मित्रमंडळात असे कोणीच नाही, त्याच्यासाठीही व्यवस्था आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बंगळुरूची निम्हान्स संस्था आणि गुवाहाटीची डॉ. बी. बरुआ कर्करोग संस्था येथे तिचा विस्तार झाला. या सेवेतील समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. अशा प्रकारे पुन्हा-पुन्हा येणाऱ्या फोनमुळे टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे सातवरून दहापर्यंत जाते, असे जगभरच्या चाचण्यांतून दिसले आहे. वाढ लहान वाटते, पण दहा कोटी ओढणाऱ्यांच्या देशात ती लाखो माणसांची होते. मराठीतूनही बोलता येणारी ही सेवा विनाशुल्क आहे, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तिचा क्रमांक सिगारेट-विडीच्या प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. ज्यांच्या घरात कोणी ओढत असेल, त्यांनी पुढच्या वेळी टोमणा मारण्याऐवजी पाकिटावरचा तो क्रमांक, १८००-११-२३५६, त्याच्याबरोबर बसून लावावा.